ब्रीफ न घेता केलेलं किचन

पत्र बरंच मोठं होतं, थोडं छोटं करून देतेय.

"ताई, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मी इंटिरियर डिझायनर आहे, स्टुडिओ घरातच आहे, किचनला लागून असलेल्या खोलीत. नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि ब्रेड करायला लागला, सावरडो, म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता घरच्या विरजणावर आंबवलेला. आठवड्याला सोळा लोफ करतो, सगळे ठरलेल्या लोकांकडे जातात. सुरुवातीला फार छान चाललं होतं, तो माझ्या साईटवर टेप धरायला यायचा आणि तो बाहेरगावी गेला की त्याच्या स्टार्टरला, म्हणजे त्या विरजणाला, मी खायला घालायचे. पुढे एकच मोठी जागा घ्यायची, पुढच्या बाजूला त्याची बेकरी आणि मागे माझा स्टुडिओ, असं आमचं कधीचं ठरलंय. मध्ये तो तीन आठवड्यांच्या बेकिंग कोर्सला गेला तेव्हा मी सरप्राईज म्हणून अख्खं किचन नवीन केलं. पांढरा संगमरवरी ओटा, हँडल नसलेली कॅबिनेट्स, मस्त पिवळसर लाईट. त्याचं जुनं लाकडी टेबल अडगळीच्या खोलीत ठेवलं. तो आला, 'सुंदर झालंय' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोफ वळायला जेवायच्या टेबलावर जाऊन बसला. दहा दिवसांनी मला ओट्यावर एक गोल, निस्तेज डाग दिसला, स्टार्टरची बरणी उतू जाऊन रात्रभर तशीच राहिली होती. मी भडकले. पहाटे चारचा मिक्सर, माझ्या कापडांच्या सॅम्पलवर बसणारं पीठ, सगळंच बाहेर आलं. तेव्हा तो म्हणाला, 'हे किचन तू तुझ्या फोटोंसाठी केलंयस.' ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. क्लायंट ज्या कामाचे पैसे देतात त्याची घरात ही किंमत? ती एकत्र जागा घ्यायचं स्वप्न सोडून द्यावं का? आणि तो डाग जाईल का?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या जेवायच्या टेबलापाशी थांबले. तुला वाटतंय तो रुसून तिथे गेला. मला नाही वाटत. जेवायचं टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं आणि किचनचा ओटा ९० च्या आसपास, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, रोज ड्रॉइंगवर लिहितेस. पण भाजी चिरायला जी उंची बरोबर असते ती कणीक दाबायला आणि लोफ वळायला उंच पडते, कारण तिथे खांद्यातून वजन टाकावं लागतं, हात जवळजवळ सरळ राहायला हवेत. कोपरापासून १५ सेंमीच्या आसपास खाली पृष्ठभाग असेल तर हे काम तासभर केलं तरी मनगट आणि मान दुखत नाही. त्याचं जुनं टेबल किती उंच होतं ते मोजून बघ एकदा, बहुतेक जेवायच्या टेबलाएवढंच निघेल. म्हणजे त्याचं शरीर आपोआप आपल्या उंचीवर आणि आपल्या लाकडावर परत गेलंय, त्यात तुझ्यावरचा राग असेलच असं नाही.

आणि लाकडाचंही कारण आहे. संगमरवराला हात लावला की गार लागतो ना, तो तुझ्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतो म्हणून, आणि कणकेचीही तशीच ओढतो. लोण्याचे थर लाटायचे असतील तर हा गुण सोन्यासारखा आहे, पण सावरडोची कणीक बेकर मुद्दाम २५-२६ डिग्रीला सांभाळत असतो, कारण तापमान दोन-तीन डिग्री खाली गेलं की आंबायचा वेळ चांगलाच लांबतो आणि त्याचं सगळं गणित हलतं. शिवाय लोफ वळताना खाली किंचित पकड लागते, कणीक जरा ओढली जाते आणि वरची कातडी ताणली जाते, त्या ताणामुळे लोफ ओव्हनमध्ये पसरायच्या ऐवजी वर उठतो. लाकडावर पिठाचा पातळ थर बसतो आणि ती पकड मिळते. पॉलिश केलेल्या दगडावर पीठ जरा जास्त झालं की कणीक घसरते आणि कमी झालं की चिकटून बसते.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते, रागावू नकोस. तू कुठल्याही क्लायंटचं किचन ब्रीफ न घेता केलं असतंस का? घरात कोण किती उंच, उजवा की डावखुरा, रोज काय शिजतं, सकाळी किती वाजता कोण आत येतं, हे विचारल्याशिवाय तू पेन उचलत नाहीस. तीन आठवड्यांत एवढं काम उरकलंस, माणसं, मटेरियल, सगळं सांभाळून, ते प्रेमाशिवाय होत नाही हे मला दिसतंय. पण सरप्राईज ठेवायच्या नादात ज्याचे हात दिवसभर तिथे चालणार त्यालाच विचारायचं राहून गेलं.

मार्गारेटे श्युटे-लिहोट्झ्की हे नाव तुला कॉलेजात भेटलं असेलच, व्हिएन्नाची आर्किटेक्ट, १९२६ साली तिने फ्रँकफर्टच्या नव्या घरांसाठी ते छोटंसं किचन डिझाइन केलं, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर, आणि तशी जवळपास दहा हजार किचन्स बसवली गेली. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे पिठाचा खण तिने ओकच्या लाकडाचा केला होता, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठात किडे होत नाहीत असा हिशोब, आणि कापाकापीच्या जागेला बीचचं लाकूड, सुरीचे वळ आणि डाग कमी पडावेत म्हणून. म्हणजे मटेरियल निवडताना तिने आधी त्यावर काय पडणार आणि काय घासलं जाणार ते बघितलं. आणि दुसरी गोष्ट, हे किचन करेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता, हे ती नंतर स्वतःच सांगायची. तिने काय केलं, तर कामाचे टप्पे पाडले, कुठल्या हालचालीला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच लावून मोजलं, किती पावलं पडतात ते बघितलं. तुलाही ब्रेड करता यायची गरज नाहीये. त्याच्या एका बेकच्या दिवशी सकाळपासून एका खुर्चीत वही घेऊन बस आणि फक्त बघ. तो पीठ कुठून आणतो, तराजू कुठे ठेवतो, पिठाने भरलेल्या हातांनी काय काय उघडतो. ते हँडल नसलेल्या कॅबिनेट्सचं बघ, खाचेत बोटं घालून उघडायची असतील तर त्या खाचेत पीठ आणि ओली कणीक जाऊन सुकणार आणि ती काढता काढता तुझाच जीव जाईल, पण तेच ढकलून उघडणारं केलंस तर तो कोपराने किंवा गुडघ्याने उघडू शकेल आणि तुझा फ्रंटही स्वच्छ राहील. अशा गोष्टी विचारून कळत नाहीत, कारण करणाऱ्यालाही त्या सांगता येत नाहीत, बघाव्याच लागतात.

लाईटचंही तसंच. तू लिहिलंयस की तो म्हणतो ओव्हनमधून काढताना लोफ छान तपकिरी दिसतो आणि सकाळी बघितला तर फिकट, आणि तुला वाटतं तो उगाच खोड काढतोय. अगं, कापडाचं सॅम्पल तू पिवळ्या लाईटखाली फायनल करतेस का? खिडकीपाशीच नेतेस ना? २७०० केल्विनच्या उजेडात सगळंच जरा जास्त भाजलेलं दिसतं. ओट्यावरचा आणि ओव्हनसमोरचा लाईट तेवढा ४००० चा, सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा लाव, बाकी खोलीत तुझा मऊ उजेड राहू दे. तुलाही रंग बघायला तोच लाईट कामाला येईल.

आता त्याच्याबद्दल, कारण त्याच्या चुका कमी नाहीत आणि हा भाग त्यालाही वाचायला दे.

"सुंदर झालंय" म्हणून गप्प बसणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. जो माणूस प्रत्येक बेकनंतर वहीत लिहितो की पाणी पिठाच्या ७५ टक्के धरलं होतं, कणीक सैल झाली, पुढच्या वेळी ७२, तोच माणूस स्वतःच्या बायकोला "ओटा मला उंच पडतोय" एवढं एक वाक्य बोलू शकला नाही आणि मग ते दहा दिवस आत आंबत राहिलं आणि भलत्याच शब्दांत बाहेर पडलं. मला हे आतून माहितीये. मी गेली बरीच वर्षं घरी ब्रेड करते आणि माझा नवरा फर्निचर डिझाइन करतो. त्याने एकदा माझ्या बॅनेटॉनसाठी, म्हणजे त्या वेताच्या टोपल्यांसाठी, काचेच्या दाराचं एक कपाट केलं. इतकं देखणं की येणारा प्रत्येक जण विचारायचा. पण वेताच्या टोपल्या कणकेने ओलसर होतात, त्यांना मोकळी हवा लागते, बंद कपाटात दोन आठवड्यांत बुरशी धरली. मी काही बोलले नाही. टोपल्या गुपचूप खिडकीत सुकवायला लागले आणि कपाटात बशा ठेवल्या. दोन महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याला कपाट चुकल्याचं काहीच वाटलं नाही, "इतके दिवस बोलली का नाहीस" याचं मात्र फार लागलं, कारण दार काढून तिथे जाळी बसवणं त्याच्यासाठी एका दुपारचं काम होतं. ती दुपार मी त्याला दिलीच नव्हती. तुझ्या नवऱ्यानेही तुला ती दिलेली नाही. फोटोंबद्दल तो जे बोलला त्याची माफी त्याने मागायलाच हवी, "तसं म्हणायचं नव्हतं" एवढ्यावर भागू देऊ नकोस, कारण ते वाक्य तुझ्या कामावर होतं.

पिठाचा प्रश्न मात्र भांडणापुरता नाहीये, तो तब्येतीचा आहे. पिठाची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर दमा होऊ शकतो, बेकर लोकांमध्ये हा आजार इतका जुना आणि ओळखीचा आहे की त्याला नावच बेकर्स अस्थमा पडलंय. त्यामुळे त्याच्या फुप्फुसांसाठी आणि तुझ्या कापडांसाठी उपाय एकच. पिशवी उंचावरून ओतायची नाही, भांड्याच्या तोंडाशी नेऊन हळू ओतायची. पाणी आणि पीठ एकत्र होईपर्यंत मिक्सर सगळ्यात कमी स्पीडवर. ओट्यावर पीठ भुरभुरताना हात खाली ठेवायचा. आणि नंतर कोरडा झाडू अजिबात नाही, झाडूने पीठ परत हवेत जातं आणि तासाभराने तुझ्या सॅम्पलवर येऊन बसतं. आधी स्क्रेपरने खरवडून घ्यायचं मग ओल्या फडक्याने पुसायचं. कणकेची भांडी गार पाण्यात भिजवायची, गरम पाण्याने स्टार्च शिजून खळीसारखा होतो आणि सिंकचा पाईप बसतो. तू तुझी सॅम्पल्स झाकणाच्या खोक्यांत ठेव आणि मधल्या दाराला खालून ब्रश पट्टी लाव.

पहाटे चारचं बोलायचं तर त्याचं गणित मी करून बघितलं. एका वेळी दोन लोफ, म्हणजे सोळा लोफचे आठ घाणे, एकेक पाऊण तासाचा, झाले सहा तास, त्यात ओव्हन तापवायला तासभर आणि लोफ निवायला तास-दोन तास वेगळे, कारण गरम कापला तर आतला भाग गिच्च लागतो. दुपारच्या आत पोचवायचे असतील तर चारलाच उठावं लागणार, त्याचा नाइलाज मला समजतो. पण चारला मिक्सर कशाला? कणीक आदल्या दिवशी दुपारी मळायची, चार-पाच तास बाहेर आंबू द्यायची, रात्री वळून टोपल्यांत घालून फ्रिजमध्ये ४ डिग्रीला ठेवायची. तिथे ती बारा ते सोळा तास आरामात राहते, उलट चव जास्त चांगली येते आणि गार कणकेवर ब्लेडने चिरा सुबक पडतात. सोळा टोपल्या घरातल्या फ्रिजमध्ये मावणार नाहीत हे खरंय, मग आठ-आठ दोन दिवसांत करायचे किंवा गिऱ्हाइकांना संध्याकाळची वेळ द्यायची. आठ लोफ साताला ओव्हन लावून बारापर्यंत बाहेर येतात आणि मिक्सर दुपारी लागतो, तेव्हा तू साईटवर असतेस.

किमतीबद्दल तू जे लिहिलंयस ते मला सगळ्यात जास्त खरं वाटलं. घरातल्या माणसासाठी केलेलं डिझाइन कोणी मोजत नाही, ते चवीचं काम समजलं जातं, पडद्याचा रंग निवडण्याइतकं. त्यामुळे ती मोठी जागा घेताना पहिल्या दिवशी एक कागद कर. त्यात त्याच्या ओव्हनचा खर्च असेल, मिक्सरचा असेल, आणि तुझी डिझाइन फीसुद्धा असेल, तुझ्या नेहमीच्या दराने, तासांसकट. मग ती फी तुमच्या दोघांच्या धंद्यात तुझं भांडवल म्हणून धरा, नाहीतर पुढे टप्प्याटप्प्याने घे, पण आकडा कागदावर यायलाच हवा. आणि त्याच्याकडून ब्रीफ लेखी घे, अगदी अनोळखी क्लायंटसारखं, त्यावर त्याची सही घे. रिव्ह्यूच्या तारखा ठरव आणि त्या दिवशी "सुंदर आहे" एवढंच उत्तर चालणार नाही हे आधीच सांगून ठेव.

स्वप्न सोडू नकोस असं मी म्हणेन, फक्त ते जसं ठरवलंय तसंच्या तसं धरू नकोस. बेकरी आणि कापडं एका हवेत राहू शकत नाहीत, त्यामुळे मध्ये पूर्ण भिंत हवी, काचेची चालेल, म्हणजे तुझ्या क्लायंटला त्याचे हात दिसतील आणि त्याच्या गिऱ्हाइकाला तुझं टेबल, पण दार बंद होणारं हवं आणि दोन्हीकडची हवा वेगळी खेळायला हवी. तुझा स्टुडिओ मागे आणि बेकरी पुढे, म्हणजे तुझा प्रत्येक क्लायंट पिठातून चालत येणार, त्यापेक्षा शेजारी-शेजारी दोन दारं बघ. जागा बघायला जाल तेव्हा आधी फरशीखाली काय आहे ते विचार, बेकरीचा मोठा डेक ओव्हन शेकडो किलोचा असतो, वरच्या मजल्यावर तो ठेवायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. वीज थ्री फेज आहे का, एक्झॉस्ट कुठून बाहेर काढणार, खाद्यपदार्थांच्या परवान्यासाठी भिंती-फरशी-सिंक कसं लागतं, हे भाडं ठरवायच्या आधी. बेकरीच्या फरशीला पकड हवी, सुकं पीठ गुळगुळीत टाईलवर पडलं की पाय सटकतो, आणि भिंत-फरशीचा कोपरा गोलाई देऊन घे म्हणजे पीठ अडकत नाही. वाफेचं विसरू नकोस, लोफ भाजायच्या जाड भांड्याचं झाकण तो वीस मिनिटांनी काढतो तेव्हा वाफेचा लोट वर जातो, ओव्हनवर एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं, काहीही असेल तर त्याच्या कडा फुगतील. तुझ्या आत्ताच्या किचनमध्येही बघून घे, ओव्हनच्या वरच्या कॅबिनेटची खालची कड बोटाने चाचपून बघ.

त्याआधी या आठवड्यात ते लाकडी टेबल अडगळीतून बाहेर काढ. तुझ्या नव्या किचनमध्ये ते शोभणार नाही ही काळजी तुला वाटेल, पण तू डिझायनर आहेस, जुनं झिजलेलं लाकूड पांढऱ्या दगडाशेजारी कसं बसवायचं ते तुझ्याइतकं कोणाला कळणार. हलकं घासून खाण्यासाठी चालणारं तेल लाव, पाय त्याच्या उंचीला कर, आणि करताना त्याला समोर उभं कर, हात टेकवायला सांग.

आणि डाग. तो डाग नाहीये म्हणून पुसून जात नाहीये. पिकलेल्या स्टार्टरमध्ये लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल असतं, त्याचा पीएच ४ च्या खालीही जातो, आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की वरचा चकचकीत थर विरघळतो. सीलर लावलेला असला तरी हे होतं, सीलर फक्त रंग मुरण्यापासून वाचवतो. लिंबू, व्हिनेगर, बेकिंग सोडा यातलं काहीही लावू नकोस. जागा छोटी आणि खोल नसेल तर संगमरवराची पॉलिशिंग पावडर मिळते, ती ओल्या फडक्याने गोल गोल घासून बरीच चमक परत येते, आधी कोपऱ्यात करून बघ. माझं मत विचारशील तर दगडाच्या कारागिराला बोलावून अख्खा ओटाच होन्ड करून घे, म्हणजे चमक काढून मॅट. त्यावर असे ठसे पडले तरी उठून दिसत नाहीत, आणि तुमच्या घरात ते पडत राहणार आहेत. तोपर्यंत बरणी एका खोलगट बशीत ठेवायला सांग, आणि बरणी भरायची ती तिसऱ्या हिश्शापर्यंतच, स्टार्टर दुप्पट-तिप्पट होतो हे त्याला माहितीये.